१२३४५६७८९८७६५४३२१ : खरंच काही आहे, की नुसतीच देखणी?

अंकुश_वाई

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हे येतंच:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नऊ एकांचा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. खाली हात जोडलेले आणि "गणिताचा चमत्कार, पुढे पाठवा".

या वेळी भाचीने (सातवी) पाहिलं आणि विचारलं, "मामा, दहा एकांचा केला तर?" कागदावर केला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ गायब, मध्येच दोन शून्यं, सगळा डौल गेला. वर स्प्रेडशीटमध्ये नऊ एकांचाच वर्ग टाकला तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं, म्हणजे तिथे तर नऊवरच बोंब.

माझं मत असं की ही संख्या दिसायला छान आहे, बाकी तिच्यात राम नाही. नऊवर चालतं आणि दहावर मोडतं ते कसलं गणित? पटत नसेल तर खोडून काढा. आणि ८ कुठे गेला तेही सांगा, भाची पाठ सोडत नाहीये.

कट्ट्यावरचा_बंड्या

पहिला!

गुणधर्म नंतर बघू, आधी ही वाचायची कशी? मी प्रयत्न केला: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. कोटींचे कोटी झाले. एका दमात वाचणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

लीलावतीचा_भाऊ

बंड्या, मिसळ तयार ठेव. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अठरा स्थानांची नावं आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा आकडी, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली. आता वाच:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

कोटींचे कोटी करावे लागत नाहीत. प्रत्येक घराला स्वतःचं नाव आहे.

कट्ट्यावरचा_बंड्या

दंडवत. तर्री जास्त की कमी?

सुतळी_बॉम्ब

एवढे रुपये असते तर? भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी ८८ लाख येतात. माझे आत्ताच खात्यात टाका, पुण्यात वन बीएचकेचं बघतो.

वाळवंटी_वारा

आणि सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. तोवर पुण्यातल्या वन बीएचकेचा भाव एक मध्यपर्यंत गेलेला असेल.

खडू_डस्टर

अंकुश, भाचीला ८ कुठे गेला ते असं दाखवा. कॅल्क्युलेटर नको, चौकटीची वही घ्या.

पाटीवर करतो तसा उभा गुणाकार मांडायचा. गुणकातला प्रत्येक अंक १, म्हणून प्रत्येक ओळ तीच, नऊ एकांची, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. नऊ ओळी झाल्या की उभे रकाने पाहायचे. सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात एकच १. त्याच्या शेजारी दोन. मग तीन. मधल्या रकान्यात नऊ ओळींचे नऊ एक, आणि तिथून पुढे पुन्हा आठ, सात, सहा असे उतरत जातात. बेरीज म्हणजे नुसती रकान्याची उंची. कुठेही ९ च्या वर जात नाही, म्हणून कुठेही हातचा नाही. सगळी गंमत "हातचा नाही" एवढ्यावर उभी आहे.

दहा ओळी झाल्या की मधल्या रकान्यात दहा एक. ० लिहायचा, हातचा १. डावीकडचा रकाना ९ चा, त्यात हातचा मिळाला की पुन्हा १०, पुन्हा ० लिहा, हातचा १. त्याच्याही डावीकडे ८, त्याचा झाला ९. संपलं. ८ कुठे गेला नाही, त्याच्या अंगावर हातचा पडला आणि तो ९ झाला. म्हणून ...६७९००९८७...

सातवीच्या मुलीला हे एकदा स्वतः मांडू द्या. सांगू नका.

रेवती_एम

खडूकाकांच्या मुद्द्याला जोडून: तोच प्रकार १ भागिले ८१ मध्ये दिसतो. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... तिथेही ८ नाही. कारणही तेच. खरं तर ती १, २, ३, ४ अशी न संपणारी ओळ एकेक घर सरकवून केलेली बेरीज आहे. १० आला की हातचा, आणि ८ चा ९.

कोडगा

स्प्रेडशीटचं मी सांगतो, आमचा धंदाच तो.

स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंक धरते, पुढच्या जागी शून्यं भरते. आपली संख्या सतरा आकडी, म्हणून शेवटचे २१ जाऊन ०० आले. बँकेचे खाते क्रमांक, कार्ड क्रमांक असेच मोडतात. आधी तो कॉलम "मजकूर" करून मग नंबर टाका, हे आमच्या ऑफिसात दर नव्या मुलाला शिकवावं लागतं.

जास्त मजा ब्राउझरमध्ये आहे. जावास्क्रिप्टच्या कन्सोलमध्ये १११११११११ चा वर्ग काढा, १२३४५६७८९८७६५४३२० येतं. शेवटचा १ नाही, ०! तिथे साधी संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, एकही पूर्णांक न सोडता नीट राहते. त्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली बाई विषम. मशीन तिला शेजारच्या सम खुर्चीत बसवतं.

सुतळी_बॉम्ब

थोडक्यात, कॉम्प्युटरला जमत नाही ते भाचीने कागदावर केलं. पोरीला पेढे द्या.

शून्यवादी

मी अंकुशच्या बाजूने, आणि त्याच्याहून कडक.

हा संख्येचा गुण नाहीच, आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधून लिहितो त्या पद्धतीचा आहे. आठ-आठचे गठ्ठे बांधणारी माणसं असती तर त्यांच्याकडे सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ दिसला असता आणि त्यांनी तो पुढे पाठवला असता. ती संख्या आपल्या लिखाणात किती माहीत आहे? ८९७५५९६५६४९. आता बोला. ही दिसली तर कोण थांबून बघेल?

इंग्लिश गणितज्ञ हार्डींनी १९४० मध्येच हे लिहून ठेवलंय. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार आकडी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या (एकाहून मोठ्या) पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). त्यावर त्यांचं म्हणणं, कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही. माझंही तेच.

पाटी_पेन्सिल

शून्यवादी, हार्डींना काय वाटायचं ते ठीक, पण उलट्या रूपाचं कोडं चार आकडीवर संपत नाही. मध्ये ९ घालत जा: १०८९ × ९ = ९८०१, १०९८९ × ९ = ९८९०१, १०९९८९ × ९ = ९८९९०१. लोकांनी यावर भरपूर काम केलंय. "यात काही नाही" म्हणणं सोपं असतं.

रेवती_एम

शून्यवादी, पद्धतीवर अवलंबून नसलेलं काही हवं ना? मग अवयव पाडू.

१११११११११ म्हणजे १११ × १००१००१. हे डोळ्यांनी दिसतं, तीन-तीनच्या तुकड्यांत एकशे अकरा तीनदा. १११ = ३ × ३७. १००१००१ = ३ × ३३३६६७. आणि ३३३६६७ पुढे फुटत नाही, ती मूळ संख्या आहे. म्हणजे आपली संख्या:

३⁴ × ३७² × ३३३६६७²

ही आठच्या गठ्ठ्यांत लिहा, बाराच्या लिहा, रोमन अंकांत कोरा, अवयव हेच राहणार. विभाजक ४५. हा आकडा विषम असणारच, पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या कायम विषम असते.

३३३६६७ कडे जरा थांबून बघा. १ भागिले ३३३६६७ केलं की दशांशात ०००००२९९७ हा नऊ अंकांचा तुकडा फिरत राहतो. ज्याचा तुकडा नेमका नऊ अंकांचा आहे अशी ही एकमेव मूळ संख्या. दुसरी नाहीच.

शून्यवादी

३३३६६७ मूळ आहे हे मान्य. पण "तुकडा नऊ अंकांचा" हे परत दहाच्याच लिखाणातलं, रेवतीताई. मागच्या दाराने आणलंत.

रेवती_एम

पुढच्या दाराने आणलंय. वाक्य असं वाचा: ३३३६६७ ने १० च्या नवव्या घाताला भागलं की बाकी १ उरते, आणि त्याआधीच्या कुठल्याही घाताला उरत नाही. यात लिखाण कुठे आहे? १० ही पण एक संख्याच आहे, तिलाही शेजारीपाजारी असतात.

डोंबिवलीकर_०५

इतका वेळ वाट पाहिली, कुणीच बोलेना म्हणून मी. या संख्यांना नाव आहे आणि ते आमच्या गावाचं आहे!

गणितज्ञ कापरेकरांनी यांना डेम्लो संख्या म्हटलं. जीआयपी रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे) मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तेच आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांच्या डोक्यात तिथे आला म्हणून ते नाव. मूळ व्याख्या जरा वेगळी आहे: संख्येचे तीन तुकडे, मधल्यात एकच अंक पुन्हा पुन्हा, आणि डावा-उजवा मिळवला की तोच अंक. उदाहरणार्थ २५५३: मध्ये ५५, आणि २ + ३ = ५. आपली १, १२१, १२३२१ वाली मालिका म्हणजे त्यांच्या भाषेत "वंडरफुल डेम्लो". गुंजीकर आणि कापरेकर यांचा यावरचा लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला होता.

कट्ट्यावरचा_बंड्या

डोंबिवली स्टेशनवर संख्या सुचली? आता तिथे सकाळी ८.२५ ला फक्त शिव्या सुचतात.

डोंबिवलीकर_०५

तेव्हा गाडीत बसायला जागा मिळत असावी.

वाळवंटी_वारा

कापरेकर म्हणजे ६१७४ (कापरेकर स्थिरांक) वाले ना?

खडू_डस्टर

तेच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, १९०५ चा डहाणूचा जन्म, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. १९७५ मध्ये गणितकोड्यांचा अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर याने आपल्या सदरात लिहिल्यावर जगाला कळले, तोवर आपल्याकडे बरेचजण त्यांना "आकड्यांशी खेळणारे मास्तर" एवढंच समजत. शून्यवादींचा प्रतिसाद वाचून तेच लोक आठवले. राग नसावा.

६१७४ वर बोलायला वेगळा धागा काढा, इथे आला तर हा धागा त्यातच जाईल. मला कापरेकरांची दुसरी एक गोष्ट इथे लागते, हर्षद संख्या. अंकांच्या बेरजेने जी संख्या पूर्ण भागली जाते ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. रेवतीने वर ३⁴ दाखवलाय, तो म्हणजेच ८१. भाग जातो! भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. हा १२३४५६७९ ओळखीचा वाटतोय का? ८ इथेही नाही.

वाळवंटी_वारा

अरे, हा तर दुकानातला खेळ! वडिलांच्या दुकानात बारा आकडी कॅल्क्युलेटर होता. गिऱ्हाइकाच्या पोराला विचारायचं, आवडता अंक कोणता? ७ म्हणाला की मनात ७ × ९ = ६३ करायचं आणि १२३४५६७९ ला ६३ ने गुणून दाखवायचं. ७७७७७७७७७. पोरगं गार. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर मात्र नुसता इंग्रजी ई यायचा आणि आमची इज्जत जायची.

मस्कतला ऑफिसात अजूनही नव्या माणसावर चालतो.

पाटी_पेन्सिल

१२३४५६७९ वरून माझं आवडतं. आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही मिळते, आणि हा गुणाकार तोंडी होतो. "एकन्यूनेन पूर्वेण" हे सूत्र. पहिल्यातून एक कमी: १२३४५६७८. हा झाला डावा भाग. तो ९९९९९९९९९ मधून वजा: ९८७६५४३२१. हा उजवा. शेजारी ठेवा, १२३४५६७८ ९८७६५४३२१. झालं.

म्हणूनच या संख्येचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून मिळवले की ९९९९९९९९९ येतात. करून बघा.

वैदिक गणिताची हीच तर ताकद आहे.

शून्यवादी

"वैदिक" शब्द आला म्हणून. ही सूत्रं भारती कृष्ण तीर्थांच्या विसाव्या शतकातल्या पुस्तकातली. वेदांच्या उपलब्ध संहितांत ती मिळत नाहीत. आणि ९९९ ने गुणणं म्हणजे १००० ने गुणून एकदा वजा करणं, हे किराणा दुकानदारही करतो.

सुतळी_बॉम्ब

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.*

पाटी_पेन्सिल

दुकानदार करतो म्हणून युक्ती वाईट ठरत नाही. नाव कुणी काय दिलं यावर मी भांडत नाही, मुलांना जमतं आणि आवडतं.

कट्ट्यावरचा_बंड्या

भांडण इतक्या लवकर मिटवायचं नसतं हो. धाग्याची शंभरी कशी होणार?

लीलावतीचा_भाऊ

जुनंच हवं असेल तर खरं जुनं देतो, वेदांपर्यंत जायची गरज नाही.

नवव्या शतकातले महावीराचार्य. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, जैन, ग्रंथ गणितसारसंग्रह, साधारण इ.स. ८५०. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. त्यांनी १२३४५६५४३२१ ही संख्या शब्दांत सांगितली आहे: एकापासून सुरू होऊन सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. ती म्हणजे सहा एकांचा, ११११११ चा वर्ग. गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी मुद्दाम अशा जोड्या घेतल्यात की उत्तर गळ्यातल्या माळेसारखं यावं. १२३४५६७९ × ९ त्यांच्याकडे आहे. १५२२०७ × ७३ आहे, उत्तर आठ एक.

म्हणजे अंकुश, तुम्हाला आलेला मेसेज साडेअकराशे वर्षांचा आहे. फॉरवर्ड करताना "मेनी टाइम्स" लिहून येतं ते उगाच नाही.

कोडगा

१५२२०७ × ७३ आत्ता मशीनवर केलं. ११११११११. ही जोडी नवव्या शतकात हाताने शोधली? आठ एकांचे अवयव पाडल्याशिवाय हे सुचत नाही.

लीलावतीचा_भाऊ

अगदी. ११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७. त्यातला ७३ वेगळा काढला की बाकीचे मिळून १५२२०७. म्हणजे महावीराचार्य नुसते माळेकडे बघत नव्हते, ती कुठे तुटते हेही त्यांना माहीत होतं.

अंकुश_वाई

बापरे, जेवून येईपर्यंत धागा कुठल्या कुठे.

सगळं वाचलं. भाचीने चौकटीच्या वहीत नऊ ओळी मांडल्या, हातचा तिचा तिलाच सापडला. खडूकाका, धन्यवाद.

पण माझा प्रश्न उरतोच. अवयव हे संख्येचे स्वतःचे, ठीक. चढण-उतार मात्र दहाच्या लिखाणातला, आणि तोही नऊपर्यंतच. मग देखणेपणा आणि गणित यांचा एकमेकांशी संबंध काय? की दोन वेगळ्या गोष्टी योगायोगाने एकाच संख्येत आल्या?

रेवती_एम

योगायोग नाही. आता जरा बीजगणित, घाबरू नका.

१ + क्ष + क्ष² + ... + क्ष⁸ अशी नऊ पदांची राशी घ्या आणि तिचा वर्ग करा. येतं १ + २क्ष + ३क्ष² + ... + ९क्ष⁸ + ८क्ष⁹ + ... + क्ष¹⁶. खडूकाकांच्या रकान्यांच्या उंचीच या. इथे गठ्ठे नाहीत, हातचे नाहीत, लिखाण नाही. नऊवर थांबायचंही कारण नाही. दहा पदं घ्या, मधला सहगुणक १०, कुणाची हरकत नाही.

आता क्ष च्या जागी संख्या घाला.

क्ष = १० घातला की आपली संख्या.
क्ष = २ घातला की ५११ चा वर्ग, २६११२१.
सात पदं घेऊन क्ष = ८ घातला की शून्यवादींची ती कुरूप ८९७५५९६५६४९.
आणि नऊ पदांत क्ष = १ घातला की? ९ चा वर्ग, ८१. म्हणजे अंकांची बेरीज!

अंकांची बेरीज ८१ येणं आणि संख्या १११११११११ चा वर्ग असणं, ही एकाच समीकरणात क्ष = १ आणि क्ष = १० घातल्याची दोन रूपं आहेत. चढण-उतार त्या राशीचा आहे. दहाचं लिखाण ते फक्त दाखवतं, आणि हातचा आला की दाखवणं बंद करतं.

शून्यवादी

हे आवडलं. "राशीचा गुण" म्हणालात तर माझं भांडण नाही. "संख्येचा चमत्कार" म्हणालात तर आहे.

कोडगा

मग क्ष = १०० का नाही घालत? प्रत्येक पदाला दोन घरं मिळतात, हातचा यायलाच नको.

दहा एक, प्रत्येक दोन एकांमध्ये एक शून्य: १०१०१०१०१०१०१०१०१०१. याचा वर्ग (मोठ्या संख्यांची लायब्ररी वापरून, कन्सोलवर विश्वास न ठेवता):

१ ०२ ०३ ०४ ०५ ०६ ०७ ०८ ०९ १० ०९ ०८ ०७ ०६ ०५ ०४ ०३ ०२ ०१

मी मोकळ्या जागा सोडल्यात, त्या काढून टाका. दहावर मोडत नाही. आता नव्व्याण्णवपर्यंत चालेल.

पाटी_पेन्सिल

वा! वाचनखूण साठवली.

वाळवंटी_वारा

एक बाळबोध शंका. वर्ग वगैरे सोडा, नुसतं टाइप करताना मध्ये दहा घातला तर? म्हणजे १ ते १० लिहून परत खाली: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. याचं काही होतं का? वर्ग तर नसणार.

रेवती_एम

बाळबोध म्हणता? ही वीस आकडी संख्या मूळ आहे! कशानेच भाग जात नाही.

गंमत बघा. १, १२१, १२३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत सगळे पूर्ण वर्ग. म्हणजे मूळ असायला कुणालाच वाव नाही. आणि पुढची पायरी, जिथे नमुना मोडला म्हणून आपण नाक मुरडतो, तीच मूळ. उलटीकडून वाचली तर सारखीही नाही, कारण १० चं ०१ होतं.

शून्यवादी

यात मात्र काही कारण आहे का? की नशीब?

रेवती_एम

या वेळी तुमच्या बाजूने बोलते: नशीब. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये साधारण चव्वेचाळीसात एक मूळ असते. विषम आहे, ५ ने संपत नाही आणि अंकांची बेरीज ४५ + १ + ४५ = ९१, म्हणून ३ चाही भाग जात नाही. एवढ्या चाळणीतून पार पडल्यावर शक्यता आणखी वाढते. तरी लागली ती लॉटरीच.

डोंबिवलीकर_०५

म्हणजे नऊपर्यंत डेम्लो, दहाला स्टेशन सोडलं की मूळ. छान.

खडू_डस्टर

ज्यांना चटक लागली असेल त्यांना घरचा अभ्यास. वर्ग झाला, आता घन. १११ चा घन १३६७६३१, इथेही आरसा आहे. ११११ चा घन १३७१३३०६३१, इथे नाही. वर्ग नऊपर्यंत टिकला, घन चारलाच का मोडला? रेवतीने उत्तर द्यायचं नाही.

कट्ट्यावरचा_बंड्या

हातचा?

खडू_डस्टर

कुठल्या रकान्यात, तेही लिही.

कट्ट्यावरचा_बंड्या

क्ष वाली राशी करून पाहिली. चार पदांच्या घनात सहगुणक १, ३, ६, १०, १२, १२, १०, ६, ३, १. चौथ्याच रकान्यात दहा आला. तीन पदांना १, ३, ६, ७, ६, ३, १ होते, म्हणून वाचले.

शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर मी आज कट्ट्यावर नसतो.

सुतळी_बॉम्ब

असतास. वहीसकट.